पेरलेली माती

दोन हजार एक साली दिवाळी संपली, तरी शुभांगीच्या घरातली कुरबूर काही संपली नव्हती. नाशिक रोडच्या त्या घरात रोज सकाळी वाद व्हायचा तो भाजीवरून. भाजी मिळत नव्हती असं नाही. बाजारात ढिगाने पडली होती. पण ती कुठून कुठून ट्रकमध्ये कोंबून यायची आणि पिशवीतून बाहेर निघेपर्यंत माना टाकायची. शुभांगीचे वडील, भिमाजी आबा, मेथीची जुडी हातात धरून उलटीसुलटी करायचे आणि म्हणायचे, "ही मेथी आहे की मेथीचं मयत?"

"आबा, सकाळी सकाळी असलं काही बोलू नका हो."

"मग फुलाबाईला शोध."

फुलाबाई म्हणजे त्यांची नेहमीची भाजीवाली. दारणेच्या काठी कुणाच्या तरी मळ्याचा तुकडा ती वाट्याने करायची आणि डोक्यावर पाटी घेऊन कॉलनीत यायची. तिची भाजी अशी, की पाण्याचे थेंब अजून पानावर. खोड मात्र एकच. तिच्या मेथीच्या प्रत्येक जुडीत शेपूच्या चार-दोन काड्या असायच्याच, कारण बाई वाफ्यात दोन्ही बी एकत्रच फोकायची. शुभांगीच्या मुलाला, साईला, शेपूचा नुसता वास आला तरी ताटावरून उठावंसं वाटायचं. मग शुभांगी दारात उभी राहून फुलाबाईवर तोंडसुख घ्यायची.

"अहो, निवडून देत जा ना! किती वेळा सांगायचं?"

"ताई, शेपूच्या वासानं मेथीला माव्याची कीड लागत नाय," फुलाबाई हसून सांगायची. "आन् पोटालाबी लय बरा. पोराला सवय लावा." आणि दुसऱ्या दिवशीच्या जुडीत शेपू पुन्हा हजर!

ही फुलाबाई दिवाळीच्या आधीच यायची बंद झाली होती. आजारी असेल, असं शेजारणी म्हणाल्या. लेकीकडे गेली असेल, असं शुभांगी म्हणाली. पण तिच्याकडे जाऊन कुणी बघितलं नाही. आपल्याकडे भाजीवाली यायची थांबली की आपण दुसरी भाजीवाली बघतो. यात शुभांगी काही जगावेगळी नव्हती, तुमच्याआमच्यासारखीच होती.

शिवाय त्या दिवसांत तिला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. शुभांगी आर्किटेक्ट होती आणि बागा आखण्यात तिचा हातखंडा होता. दीपकशेठ नावाच्या बिल्डरने त्यांच्या कॉलनीला लागूनच, एका जुन्या द्राक्षबागेच्या जागेवर 'हिरवाई पार्क' ही वसाहत उभी केली होती. माहितीपत्रकावर 'निसर्गाच्या कुशीत घर' असं छापलं होतं. द्राक्षबाग तोडून निसर्गाची कूस तयार करणं ही आमच्या शहराची खास कला आहे, तिला कोण काय करणार! तर या वसाहतीच्या पहिल्या टप्प्याची बाग शुभांगीने आखली होती. कारंजं, बसायला दगडी बाक, फुलांचे ताटवे आणि मधोमध हिरवळ, पाय टेकवायला जीव धजावणार नाही अशी.

बागेसाठी तिचा एकच हट्ट होता, मातीचा. "मला दोन फूट पोयटा पाहिजे. त्याशिवाय हिरवळ धरायची नाही." पूर उतरला की नदीकाठी जो मऊसूत काळसर गाळ बसतो, तो पोयटा. त्यात खुंटी ठोकली तरी तिला पालवी फुटेल. माती पुरवणारा देवराम मूठभर नमुना कागदात बांधून घेऊन आला. शुभांगीने ती माती बोटांनी चोळली, नाकाशी नेली आणि खूश होऊन म्हणाली, "वा! हीच आणा."

"फर्स्ट क्लास माल हाय म्याडम. डायरेक मळ्यातला."

मळ्यातला! हा शब्द तिने ऐकला, पण मालाची प्रत सांगावी तसा ऐकला. कुणाचा मळा, तिथे आता काय, हे तिने विचारलं नाही. देवरामने सांगितलं नाही. दसऱ्याला तिने उलट फोन करून त्याला घाई केली. "दिवाळीनंतर उद्घाटन आहे, माती अर्जंट हवी." दोन दिवसांत ट्रकमागून ट्रक आले, माती पसरली गेली, तिच्यावर हिरवळीची रोपं लागली आणि सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी सुरू झालं.

आठवडा झाला आणि घोटाळा सुरू झाला. हिरवळीच्या मधूनमधून, ताटव्यांतून, बाकांच्या पायांशी भलतंच काहीतरी उगवून आलं. गोल गोल इवल्या पानांचं रोप, दाट, जिकडे बघावं तिकडे. शुभांगीच्या कपाळावर आठ्या पडल्या. माळ्यांनी एकदा उपटलं, पुन्हा आलं. जागोजाग नुसता रानटीपणा! असल्या बागेचा फोटो वर्तमानपत्रात आला तर? तिला जेवण गोड लागेना.

उद्घाटनाचा रविवार उजाडला. मांडव, सतरंज्या, गुलाबपाणी, सगळी तयारी झाली होती. पाहुणे यायला सुरुवात झाली होती. शुभांगी नवी पैठणी सावरत, हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांचं स्वागत करत होती. एवढ्यात वसाहतीच्या अध्यक्षांची बायको, प्रतिभाताई, तोंडाला पदर लावून खुदकन हसल्या.

"अगं शुभांगी, ते तुझे वडील ना गं?"

शुभांगीने वळून बघितलं. हिरवळीच्या ऐन मध्यावर आबा उकिडवे बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, शेजारी कापडी पिशवी, आणि आबा शांतपणे ती रोपं खुडून खुडून पिशवीत भरत होते. भोवती दोन-तीन मुलं जमून गंमत बघत होती.

ती जवळजवळ धावतच गेली. "आबा! उठा आधी! काय चाललंय हे?"

"अगं, मेथी आहे. कोवळी लुसलुशीत. आता एवढी माणसं येतील, पायाखाली जाईल. त्यापेक्षा—"

"लोक बघताहेत! माझी काही इज्जत आहे की नाही? घरी जा तुम्ही."

आबांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पायजमा झटकला आणि पिशवी काखोटीला मारून मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेले. कारंजं बघण्यासाठी सकाळी त्यांनीच उत्साहाने दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. ते कारंजं सुरू व्हायच्या आधीच घरी गेले.

शुभांगीला त्या दिवशी आपल्या वडिलांची लाज वाटली. वाचकहो, ही लाज जरा लक्षात ठेवा. ती चुकीच्या पत्त्यावर आली होती.

आबा गेल्यावर तिने तिन्ही माळ्यांना बोलावलं आणि दात ओठ खात म्हणाली, "एक पान शिल्लक ठेवू नका. सगळं उपटा आणि मागे नाल्यात टाका." पाहुण्यांचा चहा होईपर्यंत माळ्यांनी सगळं मुळासकट उपटलं. नंतर कारंजं उडालं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. भाषणात पाहुण्यांनी शुभांगीचं नाव घेतलं. दीपकशेठ तर फुलून गेले होते. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, दुसऱ्या टप्प्याची बाग याच्या दुप्पट करायची. देवराम म्हणतो, त्याच मळ्याचा उरलेला तुकडा आहे, मालक द्यायला तयार आहे. पण लवकर सांगा म्हणतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उचलेल. उद्या संध्याकाळी ऑर्डरवर सही करून टाका."

"करते की!" शुभांगी म्हणाली.

दुपारी ती घरी आली ती भांडायच्या तयारीने. आबा स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते.

"आबा, तुम्ही आज मला चारचौघांत—"

"बस जरा," आबा म्हणाले. त्यांनी ढिगातून एक बारीक, दोऱ्यासारख्या पानांची काडी वेचली आणि तिच्या नाकासमोर धरली. "वास घे."

शेपू.

"मेथीत शेपू," आबा म्हणाले. "आता सांग, अशी मेथी कुणाची असते?"

शुभांगीचं भांडण तोंडातच राहिलं. ती हळूच म्हणाली, "फुलाबाईची. पण आबा, तसं कुणीही पेरत असेल."

"असेल. तुझ्या बागेत कुणी पेरलं? तू?"

"नाही."

"माळ्यांनी?"

"छे. मातीतून आलं असणार."

"माती कुठून आली?"

"देवरामने दिली."

"देवराम काय घरी माती तयार करतो?"

आबांनी निवडलेली मेथी परातीत टाकली आणि पाठ भिंतीला टेकवली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माझी सारी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये गेली. तुला ठाऊक आहे, तिथे कागदाचा एक ताव आला कुठून आणि गेला कुठे, हे जुळल्याशिवाय आम्हाला घरी सोडत नसत. खराब झालेल्या तावाचासुद्धा जाब द्यावा लागायचा. लहानपणी तू रडायचीस, आबा उशिरा का येतात म्हणून. अगं, कागदाची एवढी चौकशी! आणि मातीची काहीच नाही? तू नकाशा काढतेस तेव्हा झाड कुठे, बाक कुठे, दिवा कुठे, सगळं दाखवतेस. मी कौतुकाने बघतो. पण कागदाच्या कडेला तू जी चौकट आखतेस, तिच्या बाहेरचं कोण दाखवणार? बाग तुझ्या चौकटीत येते. खड्डा कुणाच्या चौकटीत जातो?"

"खड्डा?"

"दोन फूट माती इथे वर आली, म्हणजे कुठेतरी दोन फूट खाली गेलंच ना!"

एवढी साधी गोष्ट! एवढी शिकलेली बाई, पण हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आपल्या तरी कुठे येतं?

सोमवारी सकाळी तिने आबांना स्कूटीवर मागे बसवलं आणि दोघं दारणेच्या काठाने निघाली. फुलाबाईचा मळा आबांना ठाऊक होता, कारण निवृत्त झाल्यावर ते कधीमधी फिरत फिरत तिकडे जायचे. उसाचं एक रान ओलांडून शुभांगीने स्कूटी थांबवली.

मळा नव्हता. एका मोठ्या चौकोनात जमीन खरवडून काढलेली होती. दोन फूट कसली, यंत्राने हाताला लागेल तेवढी ओरबाडली होती. तळाशी पिवळा मुरूम उघडा पडला होता, त्यात चाकांचे ठसे आणि ठशांत साचलेलं पाणी. मधली विहीर तेवढी ओट्यासारखी उंच उभी होती. बांधाच्या पलीकडे मळ्याचा उरलेला तुकडा होता, त्यात कोथिंबीर आणि पालक. देवराम म्हणाला होता तो दुसरा तुकडा हाच. त्याच्या कडेला फुलाबाई खुरपं घेऊन बसली होती.

"आगं बया! ताई तुमी? आन् भिमाजी आण्णाबी?" ती लगबगीने उठली, हात पदराला पुसले. "या, या. सावलीत बसा. पानी आनते."

तिने तांब्या भरून पाणी आणलं. शुभांगीने तो नुसता हातात धरला. आबांनीच विचारलं, "हे काय झालं फुलाबाई?"

"मालकानं इकली, आण्णा. जमीन नाय, निस्ती माती. म्हनला, जमीन कुटं जाती, खाली हायच की." ती हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मी तिथं मेथी-शेपू फोकला व्हता. समदे वाफे. सांच्याला पानी दिलं. सकाळी येऊन बघते तं मशीन हुबं. म्या लय इनवण्या केल्या. म्हनलं, दादा, येवढी भाजी निघू द्या, मंग न्या. तं ड्रायव्हर म्हनतो, मावशी, माझ्या हातात काय नाय, शहरात बागेला अर्जंट पायजे."

अर्जंट! हा शब्द कुणी उच्चारला होता, ते शुभांगीला ठाऊक होतं.

"आता ह्यो येवढा तुकडा राह्यलाय. त्याच्यावर चाललंय. आमच्याच गल्लीत इकते थोडंफार, तिकडं कॉलनीत यायला पाटी भरत नाय. मालक म्हनतो, ह्याबी तुकड्याचं गिऱ्हाईक ठरतंय. मंग बघू. कुनाच्या द्राक्षाला मजुरीला जाईन." मग तिने खड्ड्याकडे बघितलं. "कुटं नेली माती, कोन जाने."

आबांनी फक्त लेकीकडे बघितलं. त्यांना सांगता आलं असतं, पण ते सांगणार नव्हते, हे शुभांगीला कळलं.

"फुलाबाई," ती तांब्या खाली ठेवत म्हणाली. "ती माती माझ्या बागेत आहे. मीच मागवली. अर्जंटही मीच म्हणाले."

आता बाई कडाकडा बोटं मोडेल, शिव्या देईल. द्याव्यात, भरपूर द्याव्यात, असं शुभांगीला मनापासून वाटलं. पण फुलाबाईच्या चेहऱ्यावर भलतंच काही उमटलं. तिचे डोळे चमकले. ती पुढे सरकली.

"मंग उगवलं का वो?"

"काय?"

"माझं बी! मेथी-शेपू! घरचं बी हाय ते, ताई. माज्या सासूपासनं धरलेलं. उगवलं आसंल ना?"

"उगवलं."

"दाट?"

"हो. खूप दाट."

"म्या म्हनलंच व्हतं! ते बी वाया जायाचं नाय." फुलाबाईने समाधानाने आबांकडे बघितलं. "पानी देता ना येळच्या येळी? कोवळी हाय तवरच खुडा, मंग राठ व्हते. लेकरं-बाळं खाऊ द्या. माती गेली तं गेली, पन पेरलेलं तरी कुनाच्या मुखी लागलं."

अरेरे! शुभांगीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नाल्यात पडलेला तो हिरवा ढीग तिच्या डोळ्यांसमोर आला. आपल्या वडिलांनी गुडघे टेकून जे वेचलं, त्यासाठी आपण त्यांना हाकललं. लाज वाटायला हवी होती ती तिथे, त्या मांडवात, आणि स्वतःची! काल वडिलांच्या नावावर खपवलेली ती सगळी लाज आता चौपट होऊन तिच्या अंगावर आली. क्षणभर तिला वाटलं, खोटं बोलावं. हो, मुलं आवडीने खातात, असं म्हणावं आणि निघावं. पण समोर ती बाई एवढ्या आशेने बघत होती, की खोटंही तोंडातून फुटेना.

"मी ती उपटून टाकली, फुलाबाई. सगळी. नाल्यात."

वाऱ्याने पालक हलला. फुलाबाई खाली बघून खुरप्याला चिकटलेली माती नखाने काढत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "आसंल काही कारन."

कारण! काय सांगणार होती शुभांगी? फोटो चांगला यावा म्हणून? काल तिने पैठणीचा पदर मिरवला होता, आज साध्या साडीचा पदर तोंडाला लावून ती रडली. आबांनी तिला रडू दिलं.

संध्याकाळी दीपकशेठच्या ऑफिसात ऑर्डर टेबलावर तयार होती. शुभांगीने पेन हातात घेतलं नाही.

"शेठ, दुसऱ्या टप्प्याचं पायाचं खोदकाम सुरू झालंय ना? वरची काळी माती कुठे टाकता?"

"मागे नाल्याकडे. भरावाला. का?"

"द्राक्षबागेची माती आहे ती. इतकी वर्षं कुणीतरी खत घालून जपलेली. आपण घरची माती नाल्यात लोटतो आणि दुसऱ्याच्या पुढ्यातलं ताट ओढून आणतो. पहिल्या टप्प्यालाही आपण हेच केलं. माझ्या डोळ्यांदेखत केलं. मी ही सही करणार नाही."

"अहो ताई, काळी माती चिकट. लॉन धरेल का तिच्यात?"

"नाही धरणार. मग लॉन नको. कडुनिंब, करंज, बहावा लावू, त्यांना पोयट्याचे लाड लागत नाहीत. भाजीचा कचरा, पालापाचोळा कुजवून मातीत मिसळू."

"आणि दिसायला?"

"वर्ष-दोन वर्षं बरी दिसणार नाही," शुभांगीने खरं ते सांगितलं.

दीपकशेठ खुर्चीत मागे रेलले. "हे बघा, आपण नाही घेतली तर दुसरा घेईल ती माती. आणि तुम्ही नाही केलंत तर दुसरा आर्किटेक्ट करेल हे काम. मी काही तुम्हाला धमकी देत नाही, धंदा सांगतो."

"बरोबर आहे तुमचं. तुम्ही दुसरा बघा. पण पहिल्या बागेची माती कुठून आली, हे वसाहतीच्या सभेत मी सांगणार आहे. ते काम माझ्याकडेच आहे."

ती सभा त्याच बागेत भरली, त्याच हिरवळीवर. मंडळी आली होती पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन. शुभांगी उभी राहिली तेव्हा बागेबद्दल आभार मानायला उभी आहे, असं समजून काहींनी टाळ्याही वाजवल्या. तिने टाळ्या थांबू दिल्या आणि सगळं सांगितलं. मळा, पेरलेले वाफे, यंत्र, खड्डा. आपण 'अर्जंट' म्हणालो तेही सांगितलं. आणि नाल्यातला ढीग सांगताना ती पायांखालच्या हिरवळीकडे बघत होती.

"म्हणजे आपली फुलाबाई?" प्रतिभाताईंनी मधेच विचारलं. "आपल्याकडे यायची ती?"

"तीच."

"अगं बाई!" प्रतिभाताईंचा हात तोंडावर गेला. उद्घाटनाला हसताना गेला होता तसाच, पण आता त्यामागे हसू नव्हतं. "आणि मी महिनाभर म्हणतेय, कुठे उलथली मेली, आयत्या वेळी दगा देते."

पुढच्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांनी हिरवळीवर ठेवलेले पाय हळूच उचलून सतरंजीवर घेतले. त्यांच्या मागे दुसऱ्यांनी. आबा मागच्या बाकावर बसले होते, ते तिथूनच बोलले.

"पाय कशाला उचलता? ती माती आता आली ती आलीच. तिच्यावर पाय ठेवला म्हणून पाप नाही लागत. शहराला माती लागणार, वाळू लागणार, विटा लागणार, भाजी लागणार. कुणी म्हणतं का, शहर बांधू नका? पण कुठून आणलं, तिथे मागे काय उरलं, हे विचारायला तर पैसे पडत नाहीत! मी म्हणतो, एवढं विचारा. उत्तर ऐकायला लाज वाटली, तर समजा काहीतरी चुकतंय."

दीपकशेठ सभेला आले होते. दुसऱ्या टप्प्यात घर घेणारी निम्मी माणसं याच मंडळींची नात्यागोत्यातली होती, आणि वारा कुठून वाहतोय हे त्यांना चांगलं कळायचं. देवरामकडे ऑर्डर गेली नाही. खोदकामाची काळी माती नाल्यात जायची थांबली. त्यातली बागेला लागेल तेवढी ठेवली, आणि उरलेली? ती देवरामच्याच ट्रकांतून दारणेच्या काठी परत निघाली. मळ्याचा मालक काही देवमाणूस नव्हता. खड्डा फुकटात भरून मिळतोय म्हटल्यावर तयार झाला, आणि शुभांगीने अट घातली की मळा फुलाबाईकडेच राहील. आबा महिनाभर रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसले, तेव्हा कुठे त्याने हो म्हटलं.

एका वर्षात सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. काळी माती म्हणजे पोयटा नव्हे. नदीने कितीतरी पुरांत आणून बसवलेलं माणसाला ट्रकने परत करता येत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्या रानात चिखल झाला, मग भेगा पडल्या. वसाहतीतल्या बायकांनी कुजवलेलं खत पोत्यांत भरून तिकडे पाठवलं. दुसऱ्या टप्प्याची बाग अजून किडमिडी होती, आणि नवे रहिवासी नाकं मुरडत म्हणायचे, पहिलीसारखी नाही बुवा जमली.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी दारात ओळखीची हाक आली. "ताई, मेथी!"

शुभांगी धावत बाहेर आली. फुलाबाईच्या पाटीत जुड्या थोड्याच होत्या. पानं बारीक, देठ आखूड. फुलाबाई ओशाळून म्हणाली, "ह्या वर्साला आशीच हाय, ताई. मातीला सवय व्हायाला येळ लागंल. बी तेवढं राखून ठेवलं व्हतं घरात, म्हनून आली."

शुभांगीने जुडी घेतली. आत शेपूच्या काड्या होत्या. तिने त्या निवडल्या नाहीत, तशीच भाजी केली. साईने तोंड वाकडं केलं, आजोबांकडे बघितलं आणि निमूटपणे खाल्ली.

मंडळी, पहिल्या टप्प्याची ती हिरवळ आजही डोळ्यांत भरावी अशीच आहे. येणारा-जाणारा तिची वाहवा करतो आणि शुभांगी सोबत असली की विचारतो, "अशी बाग कशी केलीत हो?" ती मान खाली घालते आणि माती कुठली ते सांगते. दरवेळी सांगते, आणि दरवेळी तिला पुन्हा तेवढीच लाज वाटते. ही लाज तिने घालवली नाही, हेच मला तिचं मोठेपण वाटतं. आपलं शहर शहराच्या हद्दीवर संपत नाही, नागरिकहो. आपल्या भिंतीत कुणाची तरी नदी आहे, आपल्या बागेत कुणाचं तरी रान आहे. काहीही मागवताना आधी विचारा की हे कुणाचं होतं. आणि कुणी 'अर्जंट' म्हणालं, तर आणखी एकदा विचारा. कदाचित तिथे कालच कुणीतरी पेरलं असेल.